साबणावरचा अंगठा

अन्याय झाला तो काकीवर. तिसरा मजला, शेवटची खोली. केव्हा झाला? आमच्या चाळीतल्या पात्रता शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ मी मोबाइलवर बघून लिहून ठेवली. आमच्यासारख्यांवरच्या अन्यायाची वेळ दुसरं कुणी लिहून ठेवत नाही.

चाळ परळची. ती पाडून पुढे टॉवर होणार आणि मागच्या अंगाला आम्हा जुन्या भाडेकरूंची इमारत. त्यासाठी तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. मुद्गल आणि डंबेल्स भिंतीशी सरकवून साहेब लोक बसले होते. कागद दाखवायचे, मशीनच्या काचेवर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला की तुम्ही पात्र. लाल लागला की अपात्र.

काकीने उजवा अंगठा ठेवला. लाल. डावा ठेवला. लाल. मग एकेक करून दहाही बोटं झाली. कारकुनाने काच पुसली, मग काकीची बोटं स्वतःच्या रुमालाने पुसली, आणि पुसता पुसता थांबला. तिचं बोट डोळ्यांजवळ नेऊन त्याने पाहिलं. त्या बोटावर काहीच नव्हतं. रेषा नाहीत, चक्रं नाहीत. पाण्यात वर्षानुवर्षं पडलेल्या गोट्यासारखं गुळगुळीत बोट. डोळ्यांचं मशीन लावलं, तर मोतीबिंदूमुळे तेही नाही म्हणालं. सही घेतली, तर थरथरत्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना.

“आजी, बोटांना केलंय काय तुम्ही?”

“साबाण,” काकी म्हणाली.

कारकुनाला वाटलं, हात धुऊन आलेय असं सांगतेय. तो म्हणाला, “राहू द्या, नंतर बघू,” आणि रकाना कोरा सोडून पुढचं नाव पुकारणार, एवढ्यात मी मध्ये पडले. मी संघर्ष समितीची. पत्रकं मी लिहिते, घोषणा मी देते. “नंतर म्हणजे कधी? चाळ पाडल्यावर? कोरा रकाना ठेवून नंतर बिल्डरकडून भरून घेणार काय?” असं बरंच काही बोलले. तो माणूस तापला. त्याने पेन उचललं आणि शेऱ्याच्या रकान्यात खसाखसा लिहिलं.

काकीला वाचता येतं. तिने मान वाकडी करून एकेक अक्षर लावलं. “व्यक्ती... आढळून... आली... नाही.”

मग तिने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबून बघितलं. आणि विचारलं, “मगे मी हय बसलंय ती कोण?”

रांगेतले सगळे हसले. ती मात्र उत्तराची वाट बघत बसली होती.

*

काकी वेंगुर्ल्याकडची. यजमान मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, मी जन्मायच्या आधीच गेले. मूलबाळ नाही. आमची खोली तिच्या खोलीपासून तिसरी, त्यामुळे माझं लहानपण अर्धं तिच्या दारात गेलं, आणि त्यातलं निम्मं भीतीत.

भीतीचं कारण सांगते. मी पाच-सहा वर्षांची असेन. दुपारी तिच्या दारातून डोकावले, तर खाटेवर गोधडीखाली काहीतरी झोपवलेलं. तान्ह्या मुलाएवढं. काकी शेजारी बसून गोधडीच्या कडा आत खोचत होती.

“काकी, कुणाचं बाळ?”

“श्शू. हात लाव बघू. हळू.”

मी गोधडीवर हात ठेवला. गरम होतं. ताप आलेल्या पोराच्या पोटासारखं. मी किंचाळत घरी पळाले आणि आईला सांगितलं, काकीने कुणाचं तरी बाळ आणून ठेवलंय, आणि ते हलत नाही.

तो साबण होता. खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी. एवढ्या तीनच गोष्टी एकत्र आल्या की त्या आपापल्या आत तापतात. लाकडी साच्यात ओतून गोधडीत गुंडाळला की साबण रात्रभर स्वतःच्याच उष्णतेवर शिजतो. शास्त्र एवढंच. पुढे शाळेत मी ते शिकले, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले. पण खोटं कशाला बोलू, अजूनही कुणाच्या खाटेवर गुंडाळी दिसली की माझा हात आखडतो.

चाळीत कुणाकडे काही चांगलं झालं, बारसं, लग्न, दहावीचा निकाल, नोकरीतून निवृत्ती, की काकी साबण करायची. विकला कधीच नाही. तिची भेट म्हणजे साबण. पेढे दे की गं सरळ, असं आई एकदा म्हणाली, तर काकीचं उत्तर तयार. “पेढे घटकेत संपतत. साबाण दोन म्हयने हातात रवता.”

गॅलरीच्या टोकाला वाऱ्याकडे पाठ करून ती कॉस्टिक विरघळवायची. स्टीलच्या टोपात आधी पाणी, मग त्यात चिमटीचिमटीने कॉस्टिक. उलटं कधीच नाही. हे ती इतक्यांदा सांगायची की चाळीतल्या पोरांना पाढ्यांआधी ते पाठ झालं होतं. “पाण्यात कास्टिक. कास्टिकार पाणी न्हय.” कॉस्टिकवर पाणी ओतलं की ते उसळून तोंडावर येतं. मग तेल, मग घोटणं. घोटताना पळीतून एक धार वरून सोडून बघायची. ती वर तशीच उठून राहिली, बुडाली नाही, की झालं. त्याला ती ‘रेघ रवली’ म्हणायची. रेघ राहिली की हात थांबवायचा.

हातमोजे नाहीत. आईने आणून दिले होते, रबरी, चांगले. ते खुंटीवर टांगलेले असायचे, दहा बोटं खाली लोंबकळत. “मोज्याक काय कळणा नाय गो. हाताक कळता.” हाताला कळत होतं, आणि त्याची किंमत हात देत होता, वर्षाला एक थर.

*

आता अंगठ्याचं. भेट अशी फुकट मिळायची नाही. साबण साच्यातून काढून वड्या पाडल्या की त्या अजून लोण्यासारख्या असतात. त्या वेळी ज्याच्यासाठी साबण केलाय त्याने स्वतः जायचं आणि आपल्या वडीवर अंगठा दाबायचा. काकी वडीखाली खाकी कागद ठेवायची, त्यावर नाव लिहायची. नाव स्वच्छ अक्षरात. मग वडी भिंतीवरच्या फळीवर. सव्वा महिना. बाळंतिणीला बाहेर पडू देत नाहीत तसा साबणही सव्वा महिना बाहेर काढायचा नाही, त्याआधी तो कच्चा असतो, कातडी खातो. रोज संध्याकाळी ती प्रत्येक वडी उलटवायची. वडी फळीला टेकली की आवाज यायचा. टक. तिच्या भाषेत ती त्यांची कूस बदलत असे, पडून असलेल्या माणसाची बदलतात तशी. आणि कूस बदलताना ज्याची वडी त्याचं नाव घ्यायची. संध्याकाळी गॅलरीतून जाताना ऐकू यायचं, शेवटच्या खोलीत कुणीतरी आपलं नाव घेतंय, मग टक.

सव्वा महिन्याने ती वडी जिभेच्या टोकाला लावून बघायची. झिणझिणलं तर कच्ची. नाही झिणझिणलं तर तुमच्या दाराशी यायची. आणि मग दुसरा नियम. काकीचा साबण जपून ठेवायचा नाही. त्याच दिवशी वापरायला काढायचा. “ठेवन दिलंस तर माका अपमान केल्यासारखो.” दोन दिवसांनी ती मुद्दाम तुमच्या मोरीत डोकावून बघायची, साबण ओला आहे की नाही. आमच्या मजल्यावर कुणाची टाप नव्हती ठेवून द्यायची.

माझं घर बौद्धांचं. समोरच्या खोलीतले अण्णा वेगळ्या घरातले. आमच्यासाठी ओतलेल्या साच्यातलीच वडी त्यांनाही आली तेव्हा त्यांनी ती दारातच धरून विचारलं होतं, “काकी, यांच्या आणि आमच्या एकाच लादीतल्या काय?” विचारताना आमच्या दाराकडे बोट. मी दारातच उभी होते. काकीने त्यांच्याकडे वर-खाली बघितलं.

“मेल्या, साबाणच बाटलो, तर मगे तो कित्यान धुतलंस?”

साबणच बाटला तर तो धुणार कशाने? अण्णा वडी घेऊन आत गेले. मी पुढे बऱ्याच सभांत बोलले, टाळ्याही मिळाल्या, पण या एका वाक्याच्या जवळपास मला कधी जाता आलं नाही.

*

फळीचा एक भाग होता, तिथल्या वड्या कुणाकडेच जात नसत. सव्वा महिना मोठा असतो. अंगठा देऊन गेलेला माणूस साबण पिकेपर्यंत राहतोच असं नाही. ज्यांनी अंगठा दिला आणि वडी न्यायला आले नाहीत, त्यांच्या वड्या वरच्या फळीवर. वारसांना ती द्यायची नाही. “जेचो आंगठो तेणीच नेवचो.” वर्षांनुवर्षं त्या तिथेच. पांढऱ्याच्या पिवळ्या झालेल्या, आकसलेल्या, हाडासारख्या कडक. आणि प्रत्येकीवर एक अंगठा, अगदी काल दाबल्यासारखा. रेष न् रेष.

माझे बाबा त्या फळीवर आहेत. निवृत्त झाले तेव्हा अंगठा देऊन आले, आणि अठराव्या दिवशी गेले. मी तेव्हा नववीत. साबण पिकल्याच्या दिवशी मी काकीकडे मागायला गेले. तिने दिला नाही. मी रडले, भांडले, “हा माझ्या बापाचा अंगठा आहे, तुमचा नाही,” म्हणाले. माझं पहिलं भाषण ते.

काकी म्हणाली, “वापरल्यान तर जातलो. वापरूक नाय तर साबाण कित्याक?” मग फळीकडे बोट करून, “कूस तू बदल तेची.”

तर मी रोज संध्याकाळी जायचे. बाबांची वडी उलटायची, सरळ करायची, टक. एकदा मी त्या खळग्यात माझा अंगठा ठेवला. खळगा मोठा होता, माझा अंगठा त्यात हलत होता. मागून काकी म्हणाली, “घट धरू नको. तेंका बरा वाटणा नाय.” मी वळून बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

तिच्याकडे चहा प्यायला की स्टीलच्या पेल्यावर माझ्या बोटांचे ठसे उठायचे. तिच्या पेल्यावर नुसता ओलसर डाग, कोऱ्या कपाळासारखा. लहान असताना मी पेले अदलाबदल करून बघायचे. तिने कुठलाही पेला घेऊ दे, डाग तसाच कोरा. चाळीतल्या प्रत्येकाचा अंगठा तिच्या फळीवर होता, आणि तिचा स्वतःचा कशावरच उठत नव्हता.

*

मग तिचा अंगठा कुठेतरी कागदावर असेल? नाही. याचंही कारण तिनेच सांगितलेलं. तिच्या वडिलांनी गावी न वाचता एका कागदावर अंगठा दिला आणि परसातल्या माडांची रांग दुसऱ्याची झाली. ती तेव्हा दहा वर्षांची. लग्न होऊन परळला आली ती पहिल्याच वर्षी बायकांच्या वर्गात जाऊन सही शिकली. त्यानंतर बँकेत, रेशनला, इस्पितळात, यजमानांच्या फंडाच्या कागदावर, सगळीकडे सही. कुणी शाईची डबी पुढे केली की डबी परत सारायची. “कागद दुसऱ्याचो. साबाण आपलो. आंगठो साबणार देवचो, कागदार देवचो नाय.”

आधारकार्डाच्या वेळी बाबांनी तिची समजूत घातली होती. “काकी, ही काच आहे, कागद नाही.” तिने मशीन उलटंपालटं करून बघितलं, कुठे कागद नाही याची खात्री केली, तेव्हा कुठे बोटं ठेवली. त्या वेळी तिच्या बोटांवर पेल्यावर वा साबणावर उठणार नाहीत एवढ्या पुसट रेषा शिल्लक होत्या, त्या मशीनने घेतल्या. म्हणजे बघा. तिचा अंगठा संगणकात आहे. हातावर नाही. आणि हातावर नाही म्हणून साहेब लोक म्हणतात, खरी बाई कधीच गेली असणार, आणि ही कुणीतरी दुसरीच बोटं घासून येऊन बसली आहे. खोली लाटायला.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती वड्यांची कूस बदलत होती. मी तावातावाने सांगत होते, अपील करू, मोर्चा काढू, त्या कारकुनाला सोडणार नाही. तिने मला बोलू दिलं. शेवटी म्हणाली, “तो रकानो कोरो सोडत होतो गो.”

“कोण?”

“तो चेडो. माशीन घेवन बसललो. कोरो सोडत होतो. तू कास्टिकार पाणी ओतलंस.”

आजवर माझ्याबद्दल पेपरात कुणी वाकडं छापलं, पोलिसांनी गाडीत घातलं, त्यातलं काही मला लागलं नव्हतं. हे लागलं. तरीही मी सांगते, चूक त्या रकान्याची आहे. माणूस समोर बसलेला असताना तो नाही असं लिहायची सोय ज्या फॉर्मात आहे, तो फॉर्म आधी जाळला पाहिजे. पण शाई माझ्या ओरडण्याने उतरली, हेही खरं.

*

अपिलाची सुनावणी दादरच्या एका कार्यालयात होती. आदल्या दिवशी दुपारी मी आमच्या खोलीत जमिनीवर बसून पोस्टर रंगवत होते. हात कोपरापर्यंत काळे, वर खळ वाळलेली. दारात काकी आली. तिच्या हातात तेलकट कागदाची पुडी.

“काय गो चेडवा. घे. फाल्या लागतलो.”

फाल्या म्हणजे उद्या. लागतलो म्हणजे लागेल. भाषा मला कळते, वीस वर्षं कानावर आहे. मी ब्रश न सोडता डाव्या हाताने पुडी घेतली. “थँक्यू काकी, ठेवते,” म्हणाले. मनात म्हटलं, उद्या साहेबांसमोर स्वच्छ हातांनी उभं राहावं म्हणून साबण आणून दिला. ती थोडा वेळ दारात उभी राहिली. बहुतेक मी वर बघेन म्हणून. मी ‘अपात्र कोण?’ मधल्या प्रश्नचिन्हाचा ठिपका काढत होते.

संध्याकाळी मोरीत पुडी सोडली. पिवळी, आकसलेली जुनी वडी, जुन्या खोबऱ्याचा वास. एका बाजूला अंगठ्याचा खळगा. काकीकडून आलेला साबण त्याच दिवशी वापरायचा, हे हाडात मुरलेलं. मी नळ सोडला.

मला तेव्हाच प्रश्न पडायला हवा होता. या वडीवर मी अंगठा दिला नव्हता. मग तो कुणाचा?

आधी फेसच येईना. दगड चोळल्यासारखं झालं. मग हळूहळू सुटायला लागला. माझा अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला, अगदी मापात. बोटाखाली बारीक बारीक रेषा लागत होत्या. मला वाटलं, जुना आहे, तडकलाय. रंग निघत नव्हता म्हणून मी त्याच जागी घासत राहिले. आणि एक क्षण असा आला की पलीकडूनही कुणीतरी अंगठा लावून धरलाय, मी दाबतेय तेवढंच तेही दाबतंय, असं वाटलं. मी हात काढून घेतला. परत लावला तेव्हा तिथे काही नव्हतं. सगळं गुळगुळीत.

हात मात्र लख्ख निघाले होते.

*

सुनावणीचे साहेब वाईट नव्हते. वयस्कर, चष्मा कपाळावर सरकवलेला. फाइल वाचून म्हणाले, “आजी, मी तुमच्या विरोधात नाही. पण तुम्ही त्याच बाई आहात हे मला कळायचं कसं? संगणकात जुना ठसा आहे. बोटांवर नाही. तुमच्याजवळ एखादा जुना ठसा आहे का, तुमचा, नावासकट? असला तर तज्ज्ञाला दाखवू. जुळला तर प्रश्न मिटला.”

काकी हसली. या सगळ्या प्रकरणात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. “आसा मा!” म्हणाली, आणि माझ्याकडे वळून हात पुढे केला.

“दी गो.”

“काय काकी?”

“काल दिलंय तो. माझो पयलो साबाण. लगीन होवन इल्यावर केललंय तो. माझो आंगठो.”

पंखा फिरत होता. साहेब माझ्याकडे बघत होते. माझ्या पिशवीत पत्रकं होती, अर्जाच्या पाच प्रती होत्या, वकिलाचा नंबर होता.

“काकी,” मी म्हणाले, “मी हात धुतले.”

तिला कळायला वेळ लागला. मग तिने माझा उजवा हात हातात घेतला, उताणा केला, नखांच्या कडा बघितल्या. नाकाजवळ नेऊन वास घेतला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडायला हवी होती.

“बरे निघाले,” ती म्हणाली. “हात बरे निघाले.”

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि पुढची तारीख दिली, सव्वा महिन्याने. शेवटची. दुसरा ठसा मिळाला तर बघू, नाहीतर शेरा कायम. “साबाण पिकता तितके दीस,” काकी स्वतःशीच म्हणाली. बसमध्ये ती खिडकीशी बसली. उतरायच्या आधी माझ्या हाताकडे बघून म्हणाली, “मगे आता मी तुझ्या हातार आसंय.”

त्याला आता तीन आठवडे झाले. मी नळाखाली हात धरते तेव्हा प्रत्येक वेळी हे वाक्य ऐकते.

*

चाळ रिकामी झाली आहे. जे पात्र, ते भाड्याच्या खोल्यांत गेले, कुणी कळव्याला, कुणी बदलापूरला, आम्ही नायगावला. खिडक्यांच्या चौकटी काढून नेल्या आहेत. काकी तिथेच आहे. पाणी खालच्या नळावरून कळशीने नेते. तिला हलवायला नोटीस द्यावी लागेल, आणि नोटीस द्यायला कागदावर माणूस असावा लागतो.

परवा उन्हं कलल्यावर गेले तर गेटवरच्या वॉचमनने अडवलं.

“मॅडम, ऊपर कोई नहीं है.”

“तिसऱ्या माळ्यावर म्हातारी आहे.”

“लिस्ट में नहीं है.” मग आवाज उतरवून, “लेकिन शाम को आवाज आता है. कोई नाम लेता है, फिर टक करके बजता है. मैं तो दूसरे माले के ऊपर जाता नहीं.” त्याने जिन्याला लिंबू-मिरची बांधली होती. वर काकीकडे पोहोचले तर ती तेच लिंबू पिळून सरबत करत होती. “रोज एक ताजा लिंबू बांधता गो बिचारो,” म्हणाली.

मी फळीसमोर उभी राहिले. अख्खी चाळ तिथे होती. कळव्याला गेलेले, बदलापूरला गेलेले, आणि जगातूनच गेलेले. घाईत निघताना बऱ्याच जणांनी पिकलेल्या वड्याही नेल्या नव्हत्या. अण्णांची होती. बाबांची होती. काकी एकेक नाव घेत उलटवत होती, आणि ऊन भिंतीच्या भोकांतून आत येऊन एकेका अंगठ्यावर पडत होतं. कागदावर आहेत ते सगळे इथून गेलेत, आणि इथे आहे ती कागदावर नाही. शेवटच्या वडीची कूस बदलून झाल्यावर तिने फळीच्या टोकाला, जिथे काहीच नव्हतं तिथे, हात नेला. काहीतरी उचलल्यासारखं केलं, उलटवलं, ठेवलं. आणि स्वतःचं नाव घेतलं.

टक असा आवाज आला. मी तिथे होते. मला ऐकू आला.

*

आता तुम्ही.

काकीने आणखी काही वड्यांवर स्वतःचा अंगठा दिला होता. सुरुवातीच्या वर्षांत चाळीतली मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्या अंगठ्याशेजारी काकी आपलाही दाबायची. “थंय कोण नसलो तर माझो आंगठो धर,” म्हणायची. मग एका लग्नात तिने दाबला आणि काहीच उमटलं नाही. तेव्हापासून तिने ते सोडलं. त्या मुली आज साठीच्या पुढे असतील. सासरी काकी मोरीत डोकावायला येणार नव्हती. एखादीने तरी तिचा नियम मोडला असेल. एखादीने तरी तो साबण वासासाठी साड्यांत ठेवून दिला असेल.

तुमची आई, सासू, मावशी परळच्या चाळीतून लग्न होऊन आली असेल, तर आज, हे वाचून खाली ठेवायच्या आत, कपाट उघडा. तळाच्या कप्प्यात, लग्नातल्या साडीच्या घडीत हात घाला. पिवळी, हाडासारखी कडक वडी हाताला लागेल. तिच्यावर दोन अंगठे असतील, खाली खाकी कागदावर दोन नावं असतील. साबण पुरावा म्हणून चालतो का, मला माहीत नाही. साहेब म्हणाले, जुना ठसा आणा. कशावरचा, ते म्हणाले नाहीत.

ती वडी पुसू नका. हुंगायला घासू नका. कोरड्या कापडात गुंडाळा आणि घेऊन या. तिसरा मजला, शेवटची खोली. वॉचमन म्हणेल, वर कुणी नाही. त्याचं ऐकू नका, जिना चढा.

आणि ती वडी तिच्या हातात देईपर्यंत हात धुऊ नका.